डब्यासोबत गेलेला तलाठी

औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत वैजनाथरावांची अभ्यासिका आहे. वैजनाथराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, मुलं पुण्याला गेली, आणि घराचा तळमजला रिकामा पडला. तेव्हा त्यांनी तिथं टेबलं टाकली, टेबलांच्या मध्ये प्लायवूडच्या फळ्या उभ्या केल्या आणि प्रत्येक फळीवर नंबर चिकटवला. तालुक्या-तालुक्यांतून पोरं येतात आणि त्या खुराड्यांत बसून अधिकारी व्हायची वाट बघतात. वैजनाथराव दाराशी खुर्ची टाकून त्यांच्यावर लक्ष ठेवतात. मी तिथं वर्तमानपत्रं वाचायला जातो. घरी एकच येतं, तिथं सगळी येतात, आणि सगळ्यांत तेच छापलेलं असतं याची रोज खात्री करून घेतलेली बरी.

भिंतीवर नियमांचा बोर्ड आहे. मोबाईल सायलेंट ठेवावा. टेबलावर डोकं टेकून झोपू नये. आणि शेवटचा, लाल अक्षरांत: अवांतर वाचन करू नये. नेमकं या बोर्डाखाली वैजनाथरावांच्या थोरल्या भावाचं पुस्तकांचं कपाट आहे. भाऊ शाळेत मराठी शिकवायचे. ते वारले, वरच्या मजल्यावर जागा नव्हती, म्हणून कपाट खाली आलं. आत कादंबऱ्या खच्चून भरल्या आहेत. कपाटाला काच आहे, कडी आहे, कुलूप नाही. लावायची गरज कधी कुणाला वाटली नाही.

ऋतुराज नरवडे या अभ्यासिकेतला सगळ्यांत जुना मुलगा. मुलगा म्हणायची पद्धत म्हणून म्हणायचं. पाचोडहून तो राज्यसेवेची तयारी करायला आला तेव्हा त्याला मिशी नीट फुटलेली नव्हती, आणि मी सांगतोय त्या सुमाराला त्याच्या कानांवरचे केस पांढरे व्हायला लागले होते. खिडकीजवळचं खुराडं त्याचं. पंखा बरोबर डोक्यावर येतो ती जागा. अशा जागा सेवाज्येष्ठतेनेच मिळतात.

पहिल्याच प्रयत्नात तो पूर्वपरीक्षा पास झाला, हे त्याचं दुर्दैव. पूर्वपरीक्षा म्हणजे पुढच्या परीक्षेला बसू द्यायचं की नाही, एवढं ठरवणारी परीक्षा. पण पाचोडला हे इतक्या बारकाईने कुणी समजून घेतलं नाही. मित्रमंडळाने चौकात फ्लेक्स लावला. फोटोत ऋतुराजच्या अंगात निळा कोट होता, जो त्याने जन्मात कधी घातला नव्हता. दुकानदाराने कॉम्प्युटरवरच चढवलेला. खाली ठळक अक्षरांत ‘भावी उपजिल्हाधिकारी’. फेटा बांधून सत्कार झाला. नंतर मुख्य परीक्षेत तो राहिला, पण मुख्य परीक्षेत राहिलेल्याचा फ्लेक्स लावायची प्रथा नाही. त्यामुळे गावात तो साहेब झाला तो झालाच. एसटीतून उतरला की पारावरून हाक यायची, “साहेब, आमच्या बांधाचं जरा बघा की.” त्याने हळूहळू गावाला जाणं कमी केलं. दिवाळीला जायचा, तेही तोंडाला रुमाल बांधून.

गाव मात्र रोज त्याच्याकडे यायचं, डब्यातून. खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या पोरांचे डबे एसटीने येतात, ही आपल्याकडची जुनी रीत. डब्याला तिकीट नसतं. पाचोडहून पहाटेची गाडी निघायची तेव्हा ऋतुराजची धाकटी बहीण प्रेरणा रस्त्यावर उभी राहून कंडक्टरच्या हातात पिशवी द्यायची. आत ज्वारीच्या भाकरी, भाजी, वाटलेली चटणी, कधी मोसंबी. ऋतुराज मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन पिशवी घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत पाठवायचा. पिशवीवर प्रेरणाने ऑइलपेंटने ‘नरवडे, औरंगाबाद’ लिहिलं होतं. शहराचं नाव बदललं, पिशवीवरचं राहून गेलं. डबा तरीही पोचायचा.

कंडक्टर कडुबा त्या रस्त्यावर मुरलेला माणूस. एवढ्या वर्षांत ऋतुराजच्या आयुष्यात रोज न चुकता भेटणारी व्यक्ती तीच. “घ्या साहेब, आज वांगं हाय,” असं म्हणून तो पिशवी द्यायचा. पिशवी न उघडता हे त्याला कसं कळायचं, तर वासावरून.

प्रेरणा बी.एस्सी. झालेली होती. तिला बी.एड. करायचं होतं, शिक्षिका व्हायचं होतं, आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण आप्पासाहेबांचा, म्हणजे त्यांच्या वडिलांचा, सरळ हिशेब होता. दोन्ही लेकरं शहरात गेली तर घर कुणी बघायचं? आई आवडाबाईचे गुडघे गेलेले. पहाटे उठून चूल पेटवणं, गाडी गाठणं तिच्याच्याने होणारं नव्हतं. म्हणून, “आधी दादाचं लागू दे, मग तुझं.” दादाचं लागत नव्हतं. ते कधी लागेल हे कुणी विचारत नव्हतं, कारण विचारलं तर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं.

आणि खुद्द दादाला आतून केव्हाच कळलं होतं की आपल्याच्याने हे होणार नाही. फक्त तसं म्हणायची सोय नव्हती. चौकात फ्लेक्स लागलेल्या माणसाला राजीनामा देता येत नाही. आधी नेमणूक तरी हवी.

त्या वर्षी तलाठी भरतीची जाहिरात येणार अशी हवा होती. अशी हवा आपल्याकडे बाराही महिने असते. राज्यसेवेवाली पोरं तलाठ्याचा फॉर्म भरणं हा कमीपणा मानतात, त्यामुळे सगळे भरतात आणि कुणी सांगत नाही. ऋतुराजनेही ठरवलं की गुपचूप तयारी करावी. दुकानात जाऊन गाईड मागायचं तर चारजण ओळखीचे भेटणार. अशा वेळी त्याला कपाटात काचेतून एक जाडजूड पुस्तक दिसलं. पुठ्ठ्याच्या पाठीवर शाईने लिहिलेलं होतं: तलाठी.

वैजनाथरावांच्या भावाला घरी बाइंडिंग करायचा नाद होता. फाटलेलं कव्हर काढून टाकायचं, जाड पुठ्ठा लावायचा आणि पाठीवर पुस्तकाचं नाव मावेल तेवढं लिहायचं. या पुस्तकाचं नाव बरंच लांब असावं. मावलं एवढंच. पहिली काही पानंही गेलेली होती. म्हणजे ते काय आहे हे पुस्तकाला स्वतःला सांगायची सोयच उरली नव्हती.

ऋतुराजने ते खुराड्यात नेलं, पिवळा हायलायटर काढला आणि रीतसर अभ्यासाला लागला. सुरुवात त्याच्या अपेक्षेप्रमाणेच होती. सातबारा, फेरफार, पीकपाणी, पंचनामा. त्याने सगळं पिवळं केलं. पुढे तलाठ्याच्या बदलीचा हुकूम आला, तो पिवळा केला. मग तलाठ्याच्या सायकलची चेन तुटली. एवढ्या तपशिलाचा प्रश्न येऊ शकेल का, याचा त्याने थोडा विचार केला आणि तेही पिवळं केलं. आयोग हल्ली काहीही विचारतो. तलाठी पावसात अडकून एका देवळात रात्रभर बसून राहतो, त्या पानापर्यंत त्याला शंका आली नाही. त्या पानावर त्याचा हायलायटर थांबला, आणि बराच वेळ त्याला आपण तो हातात धरून ठेवलाय हेसुद्धा लक्षात आलं नाही. पुढची पानं कोरी आहेत, म्हणजे बिनपिवळी.

शाळेतल्या पुस्तकातले धडे सोडले तर त्याने वाचलेली ती पहिली गोष्ट. सांगायला त्याला स्वतःलाच लाज वाटायची.

दोन दिवसांनी तो माझ्याजवळ येऊन बसला. मी अग्रलेख वाचत होतो, म्हणजे मला व्यत्यय आणण्यात काही गैर नव्हतं.

“काका, तुम्ही लई वाचलंय ना?”

“काय झालं?”

त्याने गोष्ट सांगितली. एका आडगावचा तलाठी. त्याला नायब तहसीलदार व्हायचंय. आयुष्यभर तेवढंच. घरात त्याची एक बहीण, तिला सगळे ‘धाकटी’ म्हणतात, नावसुद्धा दिलेलं नाही. तलाठी दप्तर मांडून बसतो, धाकटी ताट ठेवून जाते. कुठल्याही प्रकरणात बघा, हे वाक्य आहेच. धाकटी ताट ठेवून गेली. आणि मग एक दिवस ताट येत नाही. तलाठी वाट बघतो, हाक मारतो, स्वयंपाकघरात जातो, तिथं कुणी नाही. पुढे तो नायब तहसीलदार होतो आणि पुस्तक संपतं.

“मग धाकटी कुठं गेली, काका?”

“ते लिहिलेलं नसेल.”

“तेच म्हणतोय मी. नाय लिहिलं. दोनदा बघितलं. विहिरीत पडली म्हणावं तर तसं लिहिलेलं नाय. कुणासंगं पळून गेली म्हणावं तर तसं पण काय नाय. चार पर्याय काढले मी, चारी बसतात.”

“कादंबरीला उत्तरतालिका नसते,” मी म्हणालो.

“मग हरकत कुठं नोंदवायची?”

मी परत अग्रलेखाकडे वळलो. त्याने वैजनाथरावांनाही विचारून पाहिलं. वैजनाथरावांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “कोण धाकटी? मुलींच्या बाजूची? पलीकडे बघायचं नाही असा नियम आहे.”

त्या संध्याकाळी ऋतुराज बसस्थानकावर रिकामा डबा द्यायला गेला तेव्हा पुस्तक हातातच होतं. गाडी लागायला वेळ होता, तो तिसऱ्यांदा ते शेवटचं प्रकरण बघत बसला. गाडी आली, गर्दी झाली, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याने हातातलं सगळं पिशवीत टाकून पिशवी कडुबाकडे दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेरणाचा फोन.

“दादा, डब्यासंगं तलाठी आलाय.”

“ते पाठव परत. अभ्यासिकेचं हाय.”

“पाठवते वाचून.”

“तुला कशाला?”

“का, फॉर्म भरला असेल तरच वाचता येतं का?”

पुस्तक पाच-सहा दिवसांनी परत आलं, भाकरीखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून. ऋतुराजने उघडून पाहिलं तर पानोपानी पिठाची बोटं. तिने ते चुलीपुढं बसून वाचलं होतं. त्याचे पिवळे पट्टे सगळे हुकमांवर, पदांवर, तारखांवर. तिची पिठाची बोटं दुसरीकडेच. धाकटी ताट ठेवून गेली, त्या वाक्याला बोट. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा बोट. जणू दोघांनी दोन वेगळी पुस्तकं वाचली होती.

त्याने फोन केला. “मग? कुठं गेली असंल धाकटी?”

“कुठं का जाईना. तू ते कामून विचारतोस?”

“प्रश्न तोच हाय ना.”

“नाय. ती गेली हे त्याला कळलं कधी, ते बघ की.”

“कधी?”

“जेवायच्या टायमाला,” प्रेरणा म्हणाली, आणि चुलीवर दूध ठेवलंय म्हणून तिने फोन ठेवला.

ऋतुराजने हे उत्तर ‘अंशतः बरोबर’ या सदरात टाकलं. असं त्याने स्वतःच मला नंतर सांगितलं.

पुढचं कडुबामुळे घडलं. एका सकाळी पिशवी देताना कडुबा म्हणाला, “मग साहेब, ताई येणार आता हिकडंच.”

“कोणती ताई?”

“आता डबं देणाऱ्या किती ताया हायेत तुम्हाला? बीएडला नंबर लागला ना तिचा. मला पेढा दिला परवा. तुम्हाला ठाव नाय?”

“हाय की,” ऋतुराज म्हणाला. उपजिल्हाधिकाऱ्याला शोभेल अशा आवाजात म्हणाला, आणि बाकड्यावर बसून त्याने बहिणीला फोन लावला.

“सीईटी कधी दिली तू?”

“उन्हाळ्यात.”

“अन् नंबर लागला तर सांगायचं नाय? कडुबाला पेढा, अन् मला कामून नाय?”

मग ती म्हणाली, “तुझ्या डब्यात होता की. भाजीच्या वाटीवर, झाकणात. परवाच.”

ऋतुराजला आठवलं. परवा जेवणाच्या शेवटी काहीतरी गोड लागलं होतं. तो त्या वेळी चालू घडामोडी वाचत होता.

“खाल्ला का?” तिने विचारलं.

“खाल्ला.”

“मग झालं तर.”

“आप्पा काय म्हणले?”

“काय म्हणणार? दादाचं लागू दे. परवा शेवटची तारीख हाय कॉलेजात जाऊन नक्की करायची. नाय गेलं तर दुसऱ्याला जाते सीट. जाऊ दे, पुढच्या वर्षी देईन परत.”

“असं किती वर्षं देशील?”

“तुझ्यापेक्षा कमीच,” प्रेरणा म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला फार लागलं.

त्या दिवशी तो अभ्यासिकेत आला, खुराड्यात बसला, आणि पुस्तक उघडं न ठेवता नुसताच बसून राहिला. वैजनाथरावांना ते बरं वाटलं नाही. चिंतनाविषयी बोर्डावर काही नियम नव्हता, म्हणून ते गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्थानकावर कडुबाने नेहमीप्रमाणे पिशवी पुढे केली. ऋतुराजने ती घेतली आणि गाडीत चढून बसला.

“कुठं?” कडुबा म्हणाला.

“घरी.”

“सण नाय, वार नाय. कोण आजारी हाय का?”

“नाय.”

“भरला डबा घेऊन चाललात?”

“व्हय.”

कडुबाने विचार केला. “माझ्या सर्व्हिसात भरला डबा वापस गेला नाय कधी. बरं, तिकीट घ्या.”

“माझं का डब्याचं?”

“तुमचं. डब्याला माफी हाय. तो काय साहेब नाय.”

गाडीत ऋतुराजने मनात भाषण तयार केलं. मुलाखतीची तयारी करून करून त्याला मुद्देसूद बोलायची सवय होती. प्रास्ताविक, सद्यःस्थिती, अडचणी, पुढील दिशा. आडूळ येईपर्यंत प्रास्ताविकच संपलं नव्हतं. त्याला फक्त एक वाक्य म्हणायचं होतं, आणि ते म्हटलं नाही तर परवाची, म्हणजे आता उद्याची तारीख निघून जाणार होती.

पाचोडला उतरला तेव्हा त्या दिवशी त्याने रुमाल बांधलेला नव्हता. पारावरून हाक आलीच, “साहेब, आज दिवसाढवळ्या?” तो थांबला नाही.

घराच्या मागं गोठ्यापाशी कडब्याची गंजी होती आणि गंजीवर दव लागू नये म्हणून एक फ्लेक्स टाकलेला. निळा कोट, चेहरा आभाळाकडे. ‘भावी’ या शब्दावरून एक कोंबडी चालत होती. चौकातला फ्लेक्स कधी उतरला आणि घरी कधी आला हे त्याला माहीत नव्हतं. एवढी वर्षं तो चौक चुकवून चालत होता, आणि चौकात काहीच नव्हतं.

आप्पासाहेब ओसरीवर मोसंबीच्या बाजाराला जायच्या तयारीत, पायात वहाणा सरकवत होते. मुलाला बघून ते थांबले. मग त्यांची नजर पिशवीवर गेली.

“डबा भरलेलाच?”

“व्हय.”

“खराब होता का?”

“नाय आप्पा. मी बास करतो आता.”

भाषणातलं एवढंच आठवलं. आप्पासाहेबांनी वहाण पुन्हा काढली आणि बाजेवर बसले. आतून आवडाबाई भिंतीला धरून बाहेर आली. तिच्यामागे प्रेरणा, हातात उलथनं.

“काय बास करतो?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“परीक्षा. मला नाय जमत ते. लई दिवसांपासून नाय जमत.”

“कोणी काय बोललं का?”

“नाय. एक कादंबरी वाचली.”

आप्पासाहेबांनी प्रेरणाकडे पाहिलं. प्रेरणा उलथन्याकडे बघत होती.

“कादंबरी वाचून सोडलं?”

“व्हय.”

“काय हाय तिच्यात?”

“एक तलाठी असतो. त्याला नायब तहसीलदार व्हायचं असतं.”

“मग? होतो का?”

“होतो.”

“मग काय बिघडलं?”

“घरी येतो तर सांगायला कोण नसतं,” ऋतुराज म्हणाला.

अंगणात कोंबड्यांचं चाललं होतं. ऋतुराज उभाच होता. त्याने पिशवी दोन्ही हातांत धरली होती, जशी प्रेरणा रोज रस्त्यावर धरते.

“मी दोन वर्षांपासून म्हणीन म्हणतोय,” आप्पासाहेब शेवटी म्हणाले. “पण कसं म्हणावं? पोराला वाटंल, बापानंच आशा सोडली. म्हणलं, तो म्हणंल तेव्हा म्हणंल.”

“मला वाटलं तुम्हाला वाईट वाटंल.”

“वाटतंय की. पण ते वाईट जुनं झालं आता.” त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “चौकात बसायची सोय नाय राहिली मला. जो येतो तो विचारतो, साहेबांचं काय झालं. निकाल आला का. म्हणून मी बाजारातून मागच्या वाटंनं येतो.”

“मी पण रुमाल बांधून येतो,” ऋतुराज म्हणाला.

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाच गावात दोघं आपापल्या वाटेने चौक चुकवत होते.

“मला विचारलं असतं तर मी कवाच सांगितलं असतं,” आवडाबाई म्हणाली. “पण मला कोण विचारतं. हातपाय धू. अन् त्या डब्यातलं, शहर दाखवून आणलेलं, आता इथंच खा.”

सगळ्यांनी तो डबा मिळून खाल्ला. खाता खाता ऋतुराजने दुसरा विषय काढला आणि यावेळी प्रास्ताविक केलं नाही. “आप्पा, प्रेरणाची उद्या शेवटची तारीख हाय. माझं लागणार नाय, मग आता तिचंच हाय.”

“अन् घरचं?” आप्पासाहेब म्हणाले. “पहाटंचं? आईला उठवत नाय.”

“मी हाय ना.”

“तुला भाकरी येती का?”

“नाय.”

“शिकवीन मी,” आवडाबाई म्हणाली. “बसून शिकवायला गुडघे लागत नायत.”

आप्पासाहेबांनी भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला, तसाच धरून ठेवला. मग प्रेरणाकडे न बघता म्हणाले, “मग कागदं काढून ठेव पोरी. उद्या पहाटंची गाडी सुटली तर कडुबा काय थांबणार नाय.”

प्रेरणा उठून आत गेली. काही वेळ आतून पत्र्याची पेटी उघडल्याचा, सामान उपसल्याचा आवाज येत राहिला. कागद एका पिशवीतच ठेवलेले असणार, पण ती बाहेर यायला वेळ लावत होती, आणि बाहेर बसलेल्यांनीही तिला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे रस्त्यावर भाऊ-बहीण दोघं उभे. कडुबाने दारातून हात पुढे केला, पिशवी नव्हती.

“डबा?”

“आज डबा नाय,” प्रेरणा म्हणाली. “आज मीच.”

त्या संध्याकाळी आप्पासाहेब कित्येक वर्षांनी चौकात जाऊन बसले. कुणीतरी विचारलंच, साहेबांचं काय? “साहेब बागेत पाणी द्यायला शिकतोय,” ते म्हणाले, आणि पुढचा प्रश्न कुणाला सुचला नाही. अशा प्रश्नांचं ते असंच असतं. एकदा उत्तर मिळालं की त्यांच्यात दम राहत नाही.

ऋतुराज हल्ली मोसंबीची बाग बघतो. हंगामात पाचोडच्या मोसंबी मार्केटात हर्राशीला, म्हणजे लिलावाला, उभा राहतो. गाव त्याला अजून साहेबच म्हणतं, पण आता ते टोपणनाव झालं आहे आणि टोपणनावाची लाज वाटत नाही. शाळेच्या वाचनालयातून तो कादंबऱ्या आणतो. हायलायटर वापरत नाही.

हे सगळं त्याने मला सांगितलं ते पुस्तक परत करायला आला तेव्हा. वैजनाथरावांसाठी मोसंबी आणली होती. वैजनाथरावांना पुस्तक बाहेर गेलंय याचाच पत्ता नव्हता. त्यांनी पानं उलटून पाहिली, पिवळे पट्टे पाहिले, पिठाचे डाग पाहिले, आणि नियमांच्या बोर्डाकडे पाहिलं.

“माझा एक विद्यार्थी गेला या पुस्तकापायी,” ते मला म्हणाले. “आमचा दादा नेहमी म्हणायचा, वाच रे काहीतरी. मी म्हणायचो, निवृत्त झाल्यावर. बघतो जरा चाळून.” आणि ते पुस्तक घेऊन वरच्या मजल्यावर गेले. खिडकीजवळच्या खुराड्यात तोवर कन्नडचा एक मुलगा येऊन बसला होता. पंखा बरोबर त्याच्या डोक्यावर होता.

ऋतुराजला निघायची घाई होती. कॉलेज सुटून प्रेरणा बसस्थानकावर रिकामा डबा घेऊन यायची वेळ झाली होती. मीही त्याच्यासोबत चालत गेलो, मला तिकडूनच जायचं होतं. पाचोडची गाडी लागलेली होती. प्रेरणा पायरीशी उभी होती, खांद्याला वह्यांची बॅग, हातात तीच पिशवी. औरंगाबाद खोडून कुणीतरी नुसतंच ‘प्रेरणा’ लिहिलं होतं. कडुबा दारात.

“आज भाकरी कशी होती?” ऋतुराजने विचारलं.

“कडेला कच्ची.”

“अन् भाजी?”

“मीठ,” प्रेरणा म्हणाली.

“जास्त का कमी?”

“नव्हतंच.”

“मी सकाळीच सांगितलं होतं,” कडुबा वरून म्हणाला. “वासच येत नव्हता.”

ऋतुराजने मान हलवली. उद्या लक्षात ठेवायचं म्हणून तो पुटपुटत होता, परीक्षेच्या हॉलमध्ये शिरताना पोरं पुटपुटतात तसा. पिशवी घेऊन तो गाडीत चढला. गाडी मागं सरकू लागली तेव्हा त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून आणखी एकदा विचारलं, “पण खाल्लं ना सगळं?”

“सगळं खाल्लं,” ती म्हणाली. “पेढासुद्धा. कशाचा होता?”

“कशाचा नाय. असाच.”